जवळचा साठा, दूरची किल्ली

शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५. शेअर बाजार बंद व्हायला तासाभराहून थोडा अधिक वेळ उरला होता. दुपारी सव्वादोनच्या सुमारास 'झेरोधा' आणि 'ग्रो' या गुंतवणूकदारांच्या सेवा अडकल्या. त्याच वेळी जगभरातली असंख्य संकेतस्थळे उघडेनाशी झाली. साधारण पंचवीस मिनिटांनी सगळे पूर्ववत झाले. त्याआधी १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी 'चॅटजीपीटी' आणि 'एक्स' असेच बंद पडले होते आणि गाडी पूर्णपणे रुळावर यायला रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्याहीआधी, २९ ऑक्टोबरच्या रात्री, मायक्रोसॉफ्टच्या सेवा आणि त्यांच्या आधाराने चालणारी काही विमान कंपन्यांची संकेतस्थळे कोलमडली होती.

सव्वा महिन्यात तीन वेळा. तिन्ही वेळा कोणी हल्ला केला नव्हता, समुद्रातली केबल तुटली नव्हती आणि त्या त्या संस्थेचा स्वतःचा संगणकही बहुतेक ठिकाणी ठणठणीत होता. बिघाड झाला तो मधल्या एका दुव्यात. या दुव्याचे नाव कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, संक्षेपाने 'सीडीएन'. इंटरनेट वापरणारा प्रत्येक जण दिवसातून शेकडो वेळा त्याच्यातून जातो, पण त्याचे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असते.

आरोग्याशी याचा संबंध काय, असा प्रश्न पडू शकतो. रुग्णालयातला केसपेपर, तपासणीचा अहवाल, लसीकरणाचे प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दूरसल्ला हे सगळे आता पडद्यावरून येऊ लागले आहे. ते ज्या वाटेने येते ती वाट कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न औषधाचा पुरवठा कुठून होतो या प्रश्नाइतकाच आरोग्याचा आहे.

शीतसाखळीसारखी व्यवस्था

सीडीएन कसे चालते हे समजायला लसीची शीतसाखळी आठवावी. पुण्यात तयार झालेली लस गडचिरोलीतल्या बाळासाठी दर वेळी पुण्याहून मागवत नाहीत. ती राज्याच्या भांडारातून विभागाकडे, तिथून जिल्ह्याकडे आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत आधीच येऊन पडलेली असते. बाळाला लस मिळते ती जवळच्या साठ्यातून.

संकेतस्थळाचेही तसेच आहे. समजा, एखाद्या संस्थेचा मूळ संगणक, म्हणजे सर्व्हर, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आहे. मुंबईपासूनचे हे अंतर जवळजवळ १३ हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे एक निरोप जाऊन उत्तर परत यायला किमान १३० मिलिसेकंद लागणारच. केबलचा मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात आणखी जास्त. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात आणि मग पडद्यावर ते पांढरे चाक फिरत राहते. पैसे कितीही खर्च केले तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही. उपाय एकच उरतो : माल ग्राहकाच्या जवळ आणून ठेवणे.

सीडीएन कंपन्या नेमके हेच करतात. त्यांचे सर्व्हर जगभरातल्या शेकडो शहरांत असतात. भारतात ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर, चेन्नई, दिल्ली ही त्यांची स्वाभाविक ठिकाणे. लोगो, चित्रे, पानाची मांडणी, व्हिडिओचे तुकडे यांच्या प्रती तिथे साठवलेल्या असतात. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप केले की इंटरनेटच्या पत्तेकोशाकडे, म्हणजे 'डीएनएस'कडे, विचारणा जाते. तिथून मूळ सर्व्हरच्या ऐवजी जवळच्या साठ्याचा पत्ता मिळतो. दुसऱ्या एका पद्धतीत एकच पत्ता अनेक शहरांतून जाहीर केलेला असतो आणि इंटरनेटच आपल्याला त्यातल्या सोयीच्या ठिकाणी नेऊन सोडते. साठ्यात हवी ती वस्तू असली तर लगेच मिळते. नसली तर तो सर्व्हर मूळ ठिकाणाहून ती मागवतो, आपल्याला देतो आणि पुढच्यासाठी एक प्रत ठेवून घेतो.

मुदतीचा मुद्दाही लसीसारखाच. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी नीट ठेवली तर चार आठवडे वापरता येते. गोवर-रुबेलाची कुपी द्रावक मिसळल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते. सीडीएनमध्येही प्रत्येक वस्तूला अशी मुदत ठरवून दिलेली असते. लोगो वर्षभर टिकला तरी हरकत नाही, क्रिकेटचा धावफलक काही सेकंदांतच शिळा होतो. एखादी चुकीची प्रत बाहेर गेली, तर लसीचा बॅच परत मागवावा तशी ती सगळ्या साठ्यांतून एकदम काढून टाकण्याची सोयही असते.

काय साठवता येते, काय नाही

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा भारतातल्याच दोन प्रसंगांतून दिसते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हॉटस्टारवर एकाच क्षणी ५ कोटी ९० लाख लोक सामना पाहत होते. एका ठिकाणच्या सर्व्हरला हे पेलणे अशक्य. पण सगळ्यांना हवा असलेला व्हिडिओचा तुकडा तोच होता. तो एकदा जवळच्या साठ्यात पोचला की लाखोंना वाटता येतो. हे काम सीडीएनच्या अगदी सोयीचे.

दुसरा प्रसंग २८ एप्रिल २०२१ चा. दुपारी चार वाजता 'कोविन'वर १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी खुली झाली आणि लोकांच्या गर्दीने सुरुवातीला ती व्यवस्था अडखळली. दिवसअखेर १ कोटी ३० लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या, हेही खरे. इथे प्रत्येकाला हवी असलेली गोष्ट वेगळी होती : स्वतःचा ओटीपी, स्वतःचे नाव, आपल्या केंद्रावरची जागा. ओटीपीची प्रत जवळच्या साठ्यात ठेवून चालत नाही. पानाची मांडणी जवळून मिळेल, पण जागा शिल्लक आहे का हे मूळ नोंदवहीलाच विचारावे लागते.

पुढे भार कमी करण्यासाठी कोविनची उपलब्ध जागांची सार्वजनिक माहिती साठवलेल्या प्रतीतून दिली जाऊ लागली. ती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकते, असे त्या सोयीच्या नियमांतच लिहिले होते. जागा काही सेकंदांत भरत होत्या, त्या काळात अर्ध्या तासाची शिळी माहिती म्हणजे काय, हे मोबाइल घेऊन बसलेल्या असंख्य घरांनी अनुभवले. पडद्यावर जागा दिसायची, बोट लावेपर्यंत नाहीशी व्हायची. पुष्कळांना त्यात काळाबाजार दिसला. त्याचे एक साधे कारण मुदत संपलेली प्रत हेही होते. कोणती माहिती किती वेळ शिळी चालेल, हा निर्णय तांत्रिक वाटतो. लसीच्या बाबतीत तो सार्वजनिक आरोग्याचा निर्णय असतो.

बाजार असा आकसला

या धंद्याची सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत झाली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ मध्ये तिथे इंटरनेटवर होऊ घातलेल्या कोंडीचा प्रश्न मांडला. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनी लेविन यांनी तो हाती घेतला. कोणती वस्तू कोणत्या सर्व्हरवर ठेवायची आणि सर्व्हर वाढले किंवा बंद पडले तरी फार उलथापालथ होऊ द्यायची नाही, यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह एक गणिती पद्धत १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. १९९८ मध्ये 'अकामाई' ही कंपनी उभी राहिली. लेविन ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर आदळवलेल्या पहिल्या विमानात होते. ते गेले, कंपनी टिकली.

नंतर स्पर्धक आले. ॲमेझॉनने २००८ मध्ये 'क्लाउडफ्रंट' सुरू केले, २०१० मध्ये 'क्लाउडफ्लेअर' आले, २०११ मध्ये 'फास्टली'. भारतात टाटा कम्युनिकेशन्ससारख्या दूरसंचार कंपन्याही यात उतरल्या. स्पर्धेमुळे एक जीबी माहिती पोचवण्याचा दर वर्षानुवर्षे घसरत गेला. ग्राहकांसाठी हे चांगलेच झाले. पण दोन गोष्टींनी बाजाराचा कणा वाकवला. एक म्हणजे मोठे ग्राहक स्वतःच पुरवठादार झाले. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये स्वतःचे जाळे जाहीर केले आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना आपले सर्व्हर मोफत देऊ केले. गुगलही तसेच करते. दुसरे म्हणजे दर उतरले तरी खर्च तेवढा उतरला नाही. सामन्याच्या शेवटच्या षटकाला पुरेल एवढी क्षमता वर्षभर बाळगावी लागते.

परिणाम अपेक्षितच होता. अनेक कंपन्यांनी हा धंदा सोडला. लाइमलाइट आणि एजकास्ट या दोन जुन्या नावांतून २०२२ मध्ये झालेली 'एजिओ' सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी तिचे जाळे बंद झाले. तिचे काही ग्राहक-करार अकामाईने विकत घेतले. खुद्द अकामाईचे २०२४ चे उत्पन्न सुमारे ४ अब्ज डॉलर होते, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग माहिती पोचवण्याचा नव्हता, तो सायबर सुरक्षेचा होता. माहिती पोचवण्यातून मिळणारे उत्पन्न घसरतेच आहे. म्हणजे आता हा धंदा वाहतुकीपेक्षा पहारेकऱ्याचा जास्त झाला आहे. बनावट मागण्यांचा पूर आणून संकेतस्थळ बुडवायचा प्रयत्न झाला, तर तो पूर जगभर पसरलेल्या सर्व्हरवर विभागून जिरवायचा, ही सेवा आज लोक विकत घेतात. लहान संस्थांना ती काही प्रमाणात फुकटही मिळते. त्यामुळे जगातल्या संकेतस्थळांपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या क्लाउडफ्लेअरच्या पाठीमागे उभा आहे.

औषधांच्या बाजारात हे चित्र परिचयाचे आहे. जुन्या, स्वस्त इंजेक्शनांचे दर इतके उतरतात की बनवणारे दोन-चारच उरतात. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाच्या तपासणीत गुजरातमधल्या एका कारखान्यात गंभीर त्रुटी आढळल्या आणि उत्पादन थांबले. अमेरिकेला लागणाऱ्या सिसप्लॅटिनचा सुमारे निम्मा पुरवठा त्याच कारखान्यातून होत होता. २०२३ मध्ये तिथल्या कर्करोग रुग्णांना या नेहमीच्या औषधासाठी ताटकळावे लागले. औषध महाग झाल्यामुळे ही टंचाई आलेली नव्हती. ते स्वस्त होत होत बनवणारे हात कमी झाले, म्हणून आली.

उपचारातून झालेला आजार

सीडीएनच्या बिघाडांची कारणे वैद्यकाच्या भाषेत सांगायची तर ती बहुतांशी उपचारजन्य आहेत. १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरने आपल्या एका डेटाबेसच्या परवानग्यांत बदल केला. त्यामुळे बनावट भेटी ओळखणाऱ्या यंत्रणेला लागणारी एक फाइल दुप्पट मोठी झाली. ही फाइल दर पाच मिनिटांनी तयार होऊन जगभरच्या जाळ्यात पसरते. ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची मर्यादा ओलांडली गेली आणि ते कोसळले. सुरुवातीला कंपनीलाच हा हल्ला वाटला. ५ डिसेंबरचा बदल तर 'रिॲक्ट' या लोकप्रिय प्रणालीतल्या एका धोकादायक त्रुटीपासून ग्राहकांना वाचवण्यासाठी केलेला होता. त्या संरक्षणाच्या घाईतच कंपनीच्या जाळ्यातली सुमारे २८ टक्के वाहतूक बाधित झाली. २९ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टच्या 'फ्रंट डोअर' या सीडीएनमध्येही चुकीचा बदलच कारणीभूत होता.

८ जून २०२१ चा फास्टलीचा बिघाड आणखी बोलका आहे. सॉफ्टवेअरमधला दोष १२ मे रोजीच आत शिरला होता. जवळजवळ चार आठवडे तो सुप्त राहिला. मग एका ग्राहकाने स्वतःच्या सेवेत एक पूर्णपणे वैध बदल केला आणि दोष जागा झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स', 'गार्डियन' आणि ब्रिटिश सरकारचे मुख्य संकेतस्थळ एकाच वेळी गेले. ४९ मिनिटांत ९५ टक्के जाळे सावरले, हे कौतुकाचे. पण एका ग्राहकाच्या साध्या बदलाने एका सरकारचे दार बंद होते, ही गोष्ट त्या वेगाने झाकली जात नाही.

नवे औषध आधी थोड्या जणांना, मग शेकडोंना, मग हजारोंना देऊन पाहतात. पहिल्याच दिवशी ते सगळ्या देशाला देत नाहीत. सीडीएन कंपन्याही सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती अशी टप्प्याटप्प्यानेच सोडतात. अडचण आहे ती तातडीच्या बदलांची. हल्ला रोखायचा तर नियम काही सेकंदांत जगभर पोचला पाहिजे. ज्या वाटेने लस सेकंदांत पोचते, त्याच वाटेने चुकीची कुपीही सेकंदांत पोचते. डिसेंबरमधला बदल अशाच, टप्पे नसलेल्या वाटेने गेला होता.

१८ नोव्हेंबरला आणखी एक गोष्ट उघड झाली. काही ग्राहकांना हे जाळे तात्पुरते बाजूला सारून थेट आपल्या मूळ सर्व्हरवर वाहतूक वळवायची होती. पण ती कळ ज्या नियंत्रण पानावर होती, त्यात प्रवेश करणेही त्या काळात कित्येकांना जमत नव्हते. कुलूप अडकले आणि किल्ली त्याच खोलीत राहिली. सेवा बंद पडल्याच्या तक्रारी नोंदवणारे 'डाउनडिटेक्टर' हे संकेतस्थळही त्या दिवशी अडखळत होते.

खासगीपणाचा प्रश्न

आपल्या आणि संकेतस्थळाच्या मधली देवाणघेवाण सांकेतिक रूपात चालते, पत्त्याशेजारचे कुलूप तेच सांगते. पण सीडीएन वापरणाऱ्या संकेतस्थळावर हे कुलूप साधारणपणे सीडीएनच्या सर्व्हरवरच उघडले जाते, कारण आतले पाहिल्याशिवाय त्याला ना साठवता येते, ना हल्ला ओळखता येतो. म्हणजे रुग्णाचा अहवाल त्या वाटेने गेला तर मधल्या कंपनीच्या यंत्राला तो वाचता येण्याजोगा असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या एका दोषामुळे काही संकेतस्थळांची खासगी माहिती भलत्याच पानांतून बाहेर पडत असल्याचे गुगलच्या एका संशोधकाने दाखवून दिले होते. दोष तातडीने दुरुस्त झाला. तरी धोक्याचे स्वरूप त्यातून कळते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. अहवाल सीडीएनमधून गळला, तर 'ते आमच्याकडून नाही झाले' असे रुग्णालयाला म्हणता येणार नाही.

याच्या उलट बाजूने एक गैरसमजही दूर करायला हवा. सीडीएन घेतले म्हणजे रुग्णालय सुरक्षित झाले, असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेला सायबर हल्ला आतल्या सर्व्हरवर होता. दारावरचा पहारेकरी घरात शिरलेल्या चोराला अडवू शकत नाही. तेव्हा जवळजवळ दोन आठवडे बाह्यरुग्ण नोंदणी, दाखले, अहवाल यांचे काम कागदावर चालले. रुग्ण तपासले गेले, शस्त्रक्रिया झाल्या. गती मंदावली, पण रुग्णालय बंद पडले नाही, कारण कागदावर काम करता येणारी माणसे तिथे होती.

रुग्णालयांनी काय विचारावे

सीडीएन टाळणे हा उपाय नाही. ते नसेल तर प्रत्येक गर्दीच्या दिवशी संकेतस्थळ कोसळेल आणि पहिल्याच हल्ल्यात बुडेल. तीन बिघाड लक्षात राहिले, कारण उरलेल्या दिवशी सगळे सुरळीत चालले होते. प्रश्न आहे तो डोळसपणे वापरण्याचा.

आरोग्य विभागाने आणि मोठ्या रुग्णालयांनी पुरवठादाराला विचारावेत असे काही प्रश्न आहेत. आमची कोणती सेवा कोणत्या सीडीएनवर उभी आहे? रुग्णाच्या नावानिशी असलेली कोणतीही माहिती साठ्यात ठेवली जात नाही, याची खात्री कोणी केली? हे जाळे बंद पडले तर वाहतूक दुसरीकडे वळवण्याची किल्ली त्याच कंपनीच्या हातात आहे की वेगळी ठेवली आहे? मूळ सर्व्हर काही तास उघड्यावर तग धरेल का? दुसरा पुरवठादार ठेवणे खर्चाचे आहे, शिवाय दोन्हीकडचे नियम सतत जुळते ठेवावे लागतात. प्रत्येक तालुका रुग्णालयाला ते परवडणार नाही आणि तशी गरजही नाही. राज्यपातळीवरच्या सेवांसाठी मात्र हा खर्च राखीव ऑक्सिजन टाकीसारखा समजायला हवा.

सगळ्यात स्वस्त उपाय जुनाच आहे. आपत्कालीन सेवेचा रस्ता वेगळा असावा. १०८ क्रमांक फोनवरून लागतो, तो पर्याय ॲपच्या मागे लपवला जाऊ नये. औषधांची यादी आणि रक्तगट रुग्णाच्या हातातल्या कागदावरही असावेत. क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढणाऱ्या खिडकीशेजारी छापील केसपेपरचा गठ्ठा आणि तो भरता येणारा कर्मचारी असावा. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होतो की नाही हे रुग्णालये अधूनमधून तपासतात. तशी 'इंटरनेट नाही' अशी तासाभराची तालीम वर्षातून दोनदा घ्यायला एक रुपयाही लागत नाही.

जवळच्या साठ्याने अंतर मिटवले, हे या तंत्राचे मोठेच यश. मात्र शेकडो शहरांत साठा पसरला तरी तो चालवणारी आज्ञा थोड्याच ठिकाणांहून निघते. शीतपेटी गावात असली म्हणून तिची वीज गावातून येत नाही. आरोग्य केंद्रात त्यासाठी बर्फाचे पॅक आधीच गोठवून ठेवलेले असतात. पडद्यावरून चालणाऱ्या आरोग्यसेवेतही तीच सवय लागायला हवी.